गाव कसं वसलं ते दगडावर लिहिताना: कृष्णाकाठच्या गावांसाठी इतिहासफलकाची रीत

सातारा-सांगलीकडच्या गावात शिरताना कमान लागते, वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, सोसायटीची पाटी लागते. हे गाव नदीच्या याच वळणावर का वसलं, कुणी वसवलं, हे सांगणारा दगड मात्र फार थोड्या वेशींवर दिसतो. आता ठिकठिकाणी तरुण मंडळं, ग्रामपंचायती आणि पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी असा फलक लावायचं मनावर घेत आहेत, याचा मनापासून आनंद आहे. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. जेवढा पुरावा आहे तेवढंच कोरायचं, आणि गाव वसवणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा द्यायची. फ्लेक्सवरची चूक पावसाळ्यात विरून जाते, पण दगडावरची चूक नातवंडांना पुरावा वाटते.

आधी आपलं गाव कोणत्या जातकुळीचं ते ओळखा

‘स्थापना’ हा शब्द सगळ्या गावांना लागू पडत नाही. नदीकाठची गावं साधारण तीन तऱ्हांनी वसलेली दिसतात, आणि फलकाचा मजकूर कसा असेल ते यावरच ठरतं.

पहिली तऱ्हा जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची. ही गावं कधी वसली ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. नदी पायी ओलांडायला उतार होता, बारमाही डोह होता, दरड इतकी उंच की नेहमीचा पूर घरात येत नव्हता, आणि खाली मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन होती. माणसं राहिली. अशा गावाला स्थापनेचं साल देता येत नाही, पहिल्या उल्लेखाचं देता येतं. पण कोणताही उल्लेख म्हणजे स्थापना नव्हे. कऱ्हाडच्या एका उल्लेखाचं उदाहरण घ्या, तो पहिला नव्हे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८० चा, म्हणजे इ.स. ९५९ चा ताम्रपट कऱ्हाडला मिळाला. त्यावरून कऱ्हाड ९५९ साली वसलं असं म्हणता येत नाही. त्या साली ते नांदतं आणि नावाजलेलं होतं, एवढंच म्हणता येतं.

दुसरी तऱ्हा मुद्दाम वसवलेल्या गावांची. कुणाला तरी कौल मिळाला, पेठ बसवली, वाडी फोडली, इनाम दिलं. यांची तारीख कागदावर सापडू शकते. अगदी अलीकडचं आणि निर्विवाद उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पाठिंब्याने १९१० साली कुंडलजवळच्या माळावर ती वसवली. इथे साल, माणूस आणि जागा तिन्ही पक्की आहेत.

तिसरी तऱ्हा उठून आलेल्या गावांची, आणि माझ्या मते फलकाची सर्वांत जास्त निकड यांनाच आहे. कोयना, धोम, कण्हेर, वारणा, उरमोडी अशा धरणांच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. कोयनेची माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, त्यामुळे कोयनेच्या लोकांना तोही आधार नव्हता. या गावांचं मूळ ठिकाण, निघाल्याचा दिवस, कोणत्या घराने कोणतं देव्हाऱ्याचं साहित्य डोक्यावर आणलं, हे सांगणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमचं गाव या तऱ्हेचं असेल तर कागद शोधणं नंतर करा. आधी या आजी-आजोबांजवळ बसा.

पुरावा कुठे शोधायचा

सुरुवात गावातूनच करा. शिवारातल्या जुन्या शेतांची नावं लिहून काढा. ‘जुनी पांढर’, ‘पेठेचा मळा’, ‘तरीची वाट’ अशी नावं निघाली की तिथे पूर्वी वस्ती, बाजार किंवा नावेचा धक्का असण्याची शक्यता असते. पुराने गावठाण हललं असेल तर बहुतेक वेळा त्याचा पहिला सुगावा इथेच लागतो. मग जत्रेतले मानपान पाहा. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नैवेद्य कुणाच्या घरचा, होळीची पहिली पोळी कुणाची, हा क्रम अनेकदा वस्तीचा जुना क्रम सांगतो. अनेकदा म्हणतोय, कारण मान विकत घेतल्याची आणि वादातून बदलल्याचीही उदाहरणं आहेत.

आपल्या भागात एक ठेवा अजून जिवंत आहे, तो म्हणजे हेळवी. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारी ही मंडळी बैल घेऊन गावोगाव येत. कोणतं घराणं कोणत्या मूळ गावाहून, कोणत्या कारणाने आलं, हे त्यांच्या वह्यांत आणि मुखात असतं. ते आले की आपापल्या भावकीची कथा ऐकून दक्षिणा देऊन मोकळे होऊ नका. त्यांची परवानगी घेऊन पूर्ण कथन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांना योग्य मानधन द्या. पंढरपूर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांच्या गावासह नोंदी मिळतात.

पुढे दगडांकडे वळा. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड), बारवेतला किंवा घाटावरचा लेख, देवळाच्या चौकटीवरची ओळ. लेखाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. त्यावर खडू, रांगोळी, तेल, चुना काहीही चोळू नका, आणि वीरगळ ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ म्हणून जागेवरून हलवू नका. तो कुठे उभा आहे हाच अर्धा पुरावा असतो.

देवळाचं साल आणि गावाचं साल मात्र एक समजायचं नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी उंब्रजचा मारुती शके १५७१ चा आणि बहे येथील शके १५७३ चा मानतात. मारुती बसवायला आधी गाव नांदतं असावं लागतं. तेव्हा हे साल फलकावर ‘मारुतीची स्थापना’ म्हणूनच यायला हवं.

कागदांसाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेखचं तालुका कार्यालय गाठा. जुना गावनकाशा, कडई पत्रक आणि जुन्या सर्व्हे नंबरांची नोंद मागा. एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, त्यामुळे जुन्या कागदातला नंबर आजच्या सातबाऱ्यावर थेट सापडत नाही. दोन्हींचा मेळ घालणारं पत्रक तिथेच मिळतं. त्याआधीचे कागद मोडी लिपीत असतात आणि त्यांची मोठी खाण म्हणजे पुण्याचं पुराभिलेखागार, जिथे पेशवे दफ्तर आहे. पुण्याच्याच भारत इतिहास संशोधक मंडळातही खूप साहित्य आहे. छापील साधनांत १८८५ चा सातारा जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटिअर आधी उघडा. त्यात मोठ्या गावांची स्वतंत्र टिपणं आहेत.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवायचं. आजचा जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूरकडच्या गावांचे जुने कागद सातारा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावे लागतात. मिरज, सांगली, जत ही संस्थानं होती, तर आटपाडी, कुंडल औंधकडे होतं. आपलं गाव १८५० साली कुणाच्या अमलाखाली होतं हे आधी ठरवलं नाही तर चुकीच्या दप्तरात महिने जातात.

मोडी कागदांत काय मागायचं हेही माहीत हवं. ‘कौल’ म्हणजे नव्याने वस्ती करणाऱ्याला दिलेलं अभय आणि सवलतीचं पत्र. ‘इस्तावा’ म्हणजे पहिल्या वर्षी थोडा आणि मग चढत जाणारा सारा. पडीक गाव पुन्हा वसवताना हा लावत, म्हणून इस्ताव्याचा कागद म्हणजे वस्तीचा जवळजवळ जन्मदाखला. ‘महजर’ म्हणजे वतनाच्या वा शिवेच्या वादात गोतसभेने, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेने दिलेला निवाडा. त्यावर पाटलाची निशाणी म्हणून नांगर असतो आणि बलुतेदारांचीही नावं येतात. गावात कोण कोण होतं याची इतकी भरवशाची यादी दुसरीकडे मिळणं कठीण. ‘करीना’ म्हणजे एका पक्षाने मांडलेली हकिगत. ती मोलाची असते, पण वादातली असते, म्हणून दुसऱ्या कागदाचा आधार लागतो.

सालांचा हिशेब

शके अधिक ७८ हे सगळ्यांना पाठ असतं, पण वर्ष चैत्रात बदलतं. म्हणून पौषाचा बराचसा भाग, माघ आणि फाल्गुनाला ७९ मिळवायचे. वर सांगितलेला ताम्रपट शके ८८० च्या फाल्गुनातला आहे, म्हणून तो ९५९ चा. कागदात वा लेखात संवत्सराचं नाव असेल तर पडताळा पाहता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा). शिवराज्याभिषेक शके १५९६ चा. १२ मिळवले की १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच आहे. साठ नावांची यादी पंचांगात मिळते. तुमच्या शिलालेखात शक आणि संवत्सर जुळत नसतील तर आकडा पुन्हा वाचा. झिजलेला ६ आणि ९ इथेच फसवतो.

मराठेशाहीतल्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो, एकक आधी आणि हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. पानिपतची लढाई याच ११६१ सालातली, जानेवारी १७६१ ची. फसली या महसुली सनाचा हिशेब असाच, फक्त ५९० आणि ५९१ चा. ‘राजशक’, म्हणजे शिवराज्याभिषेकापासून मोजलेला शक दिसला तर १ म्हणजे १६७४-७५.

मजकूर लिहिणं

ऐंशी ते शंभर शब्द. त्याहून जास्त रस्त्यावर उभं राहून कुणी वाचत नाही. क्रम असा ठेवा: नदीशी गावाचं नातं, वस्तीचा सर्वांत जुना पक्का पुरावा, कोण आले आणि कुठून, एखादं मोठं वळण (पूर, स्थलांतर, भूकंप), आणि शेवटी फलक उभारल्याचं साल. स्वातंत्र्यलढा, कुस्तीची परंपरा, मोठ्या पदावर पोहोचलेली गावची माणसं, हे सगळं अभिमानाचं आहे. कुंडलसारख्या गावाला प्रतिसरकारचा इतिहास सांगायचा असेल तर त्याला स्वतःचा स्वतंत्र फलक मिळायला हवा. वसण्याच्या फलकात ते कोंबलं की दोन्हींचा जीव जातो.

नमुना म्हणून कऱ्हाडच्या मजकुराची सुरुवात अशी होईल, पुढे कोण आले, मोठं वळण आणि फलकाचं साल घालायचं:

*कऱ्हाड. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर मिळतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. कुंभार्ली घाटातून कोकणात उतरणारी वाट येथूनच जाते. संगम आणि घाटवाट यांमुळे येथे प्राचीन काळापासून वस्ती व बाजारपेठ आहे. वस्ती केव्हा झाली याचा लेख उपलब्ध नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८० (इ.स. ९५९) चा ताम्रपट येथे मिळाला असून त्यात ‘करहाट’ या नावाने या प्रदेशाचा उल्लेख आहे. जवळच आगाशिवच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत.*

‘लेख उपलब्ध नाही’ हे वाक्य ठामपणे ठेवा. त्याने गावाची शान कमी होत नाही, उलट बाकीच्या वाक्यांवरचा विश्वास वाढतो. दंतकथाही सोडायची गरज नाही. पांडव एका रात्री देऊळ बांधून गेले ही आपल्या आजीची गोष्ट आहे, तिला ‘अशी गावात आख्यायिका आहे’ म्हणून जागा द्या.

आता सगळ्यांना जागा देण्याविषयी. बहुतेक मजकुरांत पाटील, कुलकर्णी आणि इनामदार येतात आणि बाकीचं गाव गायब होतं. नदीकाठचं गाव भोई-कोळ्यांच्या नावेशिवाय पलीकडच्या बाजाराला जोडलंच गेलं नसतं. शिवेच्या वादात महारांची साक्ष निर्णायक मानली जाई, म्हणजे गावाची हद्दच त्यांच्या स्मरणावर उभी होती. सुतार, लोहार, कुंभार, मांग, न्हावी यांना गावात बोलावून आणून वतन देऊन वसवलं जाई. महजरात त्यांची नावं आहेत, ती फलकावर यावीत. लिहिताना जुन्या वस्त्यांची जातिवाचक नावं वापरू नका. ती बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. त्या समाजाला आपला उल्लेख कसा हवा हे त्यांच्याच घरी जाऊन विचारा. आणि विस्थापित गावाचा फलक असेल तर ज्या गावाने जमिनी दिल्या त्या गावाचं नाव न विसरता घाला.

ग्रामसभा आणि परवानग्या

मजकुराचा मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेला बाहेरगावची मंडळीही आलेली असतात, तेव्हा वाचलं तर उत्तम. त्याआधी महिनाभर मसुदा चावडीवर, देवळात, समाजमंदिरात आणि गावच्या ग्रुपवर लावा. हरकती लेखी घ्या आणि प्रत्येक हरकतीला पुराव्यासह लेखी उत्तर द्या. कोणतं घराणं आधी आलं यावर वाद होणारच. पुरावा नसेल तर क्रम लावू नका, ‘ही घराणी गावात जुन्या काळापासून आहेत’ एवढं पुरे. ठराव मजकुरासह, शब्दशः इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे नंतर कोरताना कुणी परस्पर ओळ वाढवणार नाही.

रस्ता कुणाचा ते पाहून परवानगी मागा. पुणे-बंगळूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गावात येणारा ग्रामीण मार्ग बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. अर्जासोबत ठराव, जागेचा नकाशा आणि फलकाचं माप जोडा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे रस्त्याच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेत फलक उभारणं. उद्या रुंदीकरण आलं तरी तो वाचतो. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्यापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खड्डाही घेऊ नका. आणि पायाच्या खड्ड्यात नाणी, मूर्ती, जुनी खापरं निघाली तर काम थांबवून तहसीलदारांना कळवा.

जागा, दगड, पाया

नदीकाठी जागा निवडताना पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या पुरात तुमच्या गावात पाणी कुठवर आलं होतं ते लोकांना अजून आठवतं, भिंतींवर खुणाही असतील. फलक त्या रेषेच्या वर घ्या. घाटावरच हवा असा आग्रह असेल तर बुडणार हे धरूनच बांधा. खांबावरचा पत्रा नको, चौथऱ्यात रुजवलेला दगड हवा.

दुसरा शत्रू उसाची ट्रॉली. हंगामात ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस रस्त्याकडेचं सगळं ओरबाडत जातो. डांबराच्या कडेपासून चांगला दहा-बारा फूट आत जा, आणि समोर दोन दुचाकी व एक चारचाकी थांबेल एवढा मुरूम पसरून जागा करा. वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा शाळेच्या फाटकासमोर फलक नको.

दगड म्हणून आपला काळा पाषाण उत्तम, चांगला ग्रॅनाइटही चालेल. कडप्प्याचे पापुद्रे सुटतात, लोखंडी पत्रा गंजतो, फ्लेक्सला दोन उन्हाळेही जड जातात. शंभर शब्दांसाठी चार फूट बाय तीन फूट शिळा पुरते. दोन इंच जाडीला तिचं वजन साधारण १६० किलो भरतं, तेव्हा उतरवायला माणसं आणि साखळी-कप्पी ठरवून ठेवा. शीर्षकाची अक्षरं तीन इंच, मजकुराची सव्वा इंच, कोरीव खोली तीन-चार मिलिमीटर. मराठीत वर वेलांट्या, खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अक्षराएवढी तरी मोकळी जागा सोडा. चकचकीत पॉलिश टाळा, दुपारच्या उन्हात काहीच वाचता येत नाही. शिळा थोडी मागे कलती बसवा आणि वरची कड उताराची ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाया हा कळीचा मुद्दा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वरवरचा चौथरा एका वर्षात कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. मळीत मुरूम खोल असेल तर निदान चार फूट खाली जाऊन तळाला मुरूम-खडी ठोकून घ्या आणि त्यावर सळईचं काँक्रीट करा. बाजूने काळी माती परत लोटू नका, मुरूमच भरा.

कोरण्याआधी पूर्ण आकाराची कागदी छपाई भिंतीला लावा. ही पायरी कुणीही गाळू नये. संगणकावरून मशीनला फाइल जाताना जोडाक्षरं तुटतात. ‘कऱ्हाड’चं ‘कर्‍हाड’ किंवा थेट ‘कहाड’ होतं, ‘साताऱ्या’तला र निसटतो, पहिली वेलांटी जागा बदलते. शाळेतल्या मराठीच्या बाईंना, एका ज्येष्ठ वाचकाला आणि सातवीतल्या एका मुलीला वेगवेगळं वाचायला द्या. तिघांच्या सह्या झाल्या की मगच कारागिराला होकार द्या. देणगीदारांची नावं आणि उद्घाटनाचा तपशील मागच्या बाजूला घ्या. समोरची बाजू गावाची आहे.

नंतरचं काम

दर पावसाळ्यानंतर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने शिळा धुवा. ॲसिड किंवा फरशी धुण्याचं रसायन वापरू नका. अक्षरांतला पांढरा रंग काही वर्षांनी उडेल, तो पुन्हा भरता येतो. निवडणुकीत आणि जत्रेत त्यावर पोस्टर लागणार नाही याची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी टाका.

मजकुरातल्या प्रत्येक वाक्यामागचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवा: कागदाची छायाप्रत, मोडी लिप्यंतर, आजोबांच्या मुलाखतीचा मजकूर, दगडाचे फोटो, ग्रामसभेतल्या हरकती आणि त्यांची उत्तरं. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, कारण पुरात एकच दप्तर भिजलं की सगळं जातं. फलकाच्या तळाशी वीतभर जागा कोरी सोडा. उद्या एखाद्या माळ्यावरच्या पेटीतून जुना महजर निघाला आणि साल मागे सरकलं, तर ग्रामसभेत पुन्हा ठराव करून तिथे एक ओळ वाढवता येईल.